साहेबाच्या पेटीतली चाल

मला कोणी विचारलं, की बाई, जन्मात ऐकलेलं सगळ्यांत गोड काय, तर मी भजन सांगणार नाही आणि सनईही सांगणार नाही. लोक रागावले तर रागवोत. मी सांगेन, अमरावतीच्या कापूसवाल्या साहेबाच्या बंगल्यातली वाजती पेटी आणि तिच्यातली शेवटची चाल. त्या चालीच्या भरवशावर मी माझ्या लेकीचं माहेर पणाला लावलं होतं. इतकी वर्षं झाली, अजून ते आठवलं की तळहाताला घाम येतो.

ते कापसाचे दिवस होते. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि एकाएकी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी कोणी ऐकला नव्हता असा भाव आला. अकोल्याकडून, मूर्तिजापुराकडून गाड्यांची रांग लागायची ती थेट अमरावतीच्या बाजारापर्यंत. काल ज्याच्या अंगात धड बंडी नव्हती, त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. आम्ही माळी. आमच्याकडं कापूस नव्हता. शहराबाहेर एक विहीर, थोडी शेवंती, थोडा मोगरा, वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. पण ज्यांच्याकडं पैसा येतो त्यांना फुलं लागतातच. त्यामुळं आमचंही बरं चाललं होतं.

साहेब कापूस खरेदीसाठी आलेला. दिवसभर बाजारात उन्हात उभा राहून तो आमच्या लाल अंबाडीसारखा लाल व्हायचा. घरी त्याची मेमसाहेब एकटी. अगदी तरणी पोर ती. मी रोज सकाळी फुलं-भाजीची टोपली घेऊन जायची. एक दिवस आतून काही वाजताना ऐकलं आणि माझी टोपली तशीच डोक्यावर राहिली. मला वाटलं आत कोणी नाचणारीण आणली आहे, पायात चाळ बांधून. पण चाळ कधी गातात का हो? हे तर गात होतं.

मेमसाहेबानं मला पाहिलं आणि हातानं बोलावलं. लाकडाची पेटी, आत पितळेचा रूळ, रुळावर गोखरूसारखे बारीक बारीक काटे. काटा फिरत आला की पोलादाच्या फणीचा एकेक दात उचलायचा आणि सोडायचा. बस्स, एवढंच. त्या दातांतून सगळं गाणं. बाजूची दांडी मागंपुढं ओढून चावी भरली, की एकामागं एक पाच-सहा चाली वाजायच्या आणि पेटी गप व्हायची. मी त्या दिवशी वांगी विकायची विसरले. दुसऱ्या दिवसापासून बंगल्याची भाजी सगळ्यांत शेवटी द्यायला लागले, म्हणजे मग पायरीवर बसायला वेळ मिळे.

बंगल्याचा खानसामा गोव्याकडचा होता, आमच्याशी मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. त्यानं सांगितलं, की या सगळ्या तिकडच्या नाटकांतल्या चाली. त्या नाटकांत कोणी बोलतच नाही म्हणे. भांडायचं तर गाऊन, रुसायचं तर गाऊन, आणि मरायला टेकलेली बाईसुद्धा आधी गाणं पुरं करते, मगच मरते. हे सांगताना तो हसायला लागला. मी म्हटलं, "हसून काहून राहिले? आमच्या बाया मढ्यापाशी बसून गाऊनच रडतेत. त्यात काय नवल हाये?"

आता चाली सांगते, कारण त्या सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एक होती शिपायांची, धडाधड पाय आपटणारी. ती साहेबाची आवडती. घरी असला की टेबलावर बोटांनी ठेका धरायचा. एक होती दोन बायांची. दोघी जणी एकाच उखळात कांडायला बसल्या की एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, कधी एकमेकींना लागत नाही, तशा त्या दोन चाली एकीत एक. ती ऐकून मला माझ्या बहिणीची आठवण यायची आणि मी पायरीवर बसल्या बसल्या हसायची. एक चाल मधेच थांबायची, जरा दम घ्यायची, पुन्हा निघायची. ती त्या मरणाऱ्या बाईची. काय सांगू, एवढ्याशा लोखंडी दातांना दम कसा लागतो? पण लागायचा. ती संपेपर्यंत मी माझाही श्वास धरून ठेवायची.

आणि शेवटची. ती मोठी नव्हती, अवघड नव्हती. खालून सावकाश निघायची, थोडी वर जायची आणि फिरून त्याच जागी यायची. पुन्हा वर, पुन्हा तिथंच. मेमसाहेब ती चाल लागली की खुर्चीवरून उठायची, खिडकीशी जायची आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहायची. परत वळली की डोळे ओले. रोज.

मी काय आंधळी होते? तोंड रस्त्याकडं, डोळ्यांत पाणी. ही नक्की त्यांची विहीण असणार, हे मी ठरवून टाकलं. आमच्यात लग्नात वरमायेची पंगत बसते. नवरदेवाची आई आणि तिच्या बाया जेवत असतात आणि नवरीकडच्या बाया गाणं म्हणतात, की बाई, आमची लेक आता तुमच्या पदरात टाकली, तिला सांभाळा. त्या गाण्यालाही विहीणच म्हणतात. खानसाम्याला मी विचारलं, "हे लग्नातलं गाणं होय ना?" तो पातेलं घासून घेत होता, मान वर न करता म्हणाला, "हाँ हाँ, शादी का." झालं. माझी खात्री पटली.

त्याच वर्षी माझ्या लेकीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. बार्शीटाकळीचं घर, आमच्याच जातीतलं, पण जमीनवालं. कापसानं त्यांना वर काढलेलं. माडीला नवी कौलं, अकोल्याच्या बाजारात वजन. पोरगा चांगला. सासरा देवमाणूस. पण सासू. सासूचं नाव काढलं की अकोल्यापर्यंतच्या बाया कानाला हात लावत. तिची थोरली सून लग्न होऊन आली ती पुन्हा माहेरी गेलीच नव्हती. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्यतृतीयेला, साऱ्या वऱ्हाडातल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, पण हिच्या सुनेला न्यायला भाऊ आला की ही दारातूनच वाटेला लावायची. "एकदा आली ते आमची झाली," म्हणायची. माझ्या मालकांनी शब्द देऊन टाकला आणि मग मला हे कळलं. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नुसती भांडी आपटली.

मालक म्हणाले, "आता काय करतं? शब्द गेला."

मी म्हटलं, "शब्द तुमचा गेला. माहं गाणं अजून बाकी हाये."

गाण्यात मी कोणाला हार जाणारी नव्हते. आजूबाजूच्या लग्नांत विहीण म्हणायला मलाच बोलवत. पण त्या बाईनं अशा कितीक विहिणी ऐकल्या असणार, थोरलीच्या लग्नातही ऐकलीच होती, आणि पोळीवर तूप ओढत जेवली होती. ओळखीच्या चालीला ती भीक घालणार नाही. तिला न ऐकलेली चाल पाहिजे. ती माझ्याकडं होती, बंगल्याच्या पायरीवर.

आता चाल उचलायची कशी? मी पायरीवर ऐकायची आणि तोंडातल्या तोंडात धरून पळत सुटायची. पण बाजारातून जाताना कापसाच्या गाडीवाल्यांची गाणी, मारवाड्याच्या दुकानापुढचा ओरडा, देवळातली घंटा, काय न काय कानात शिरायचं आणि चाल निसटायची. एका गाडीवाल्याला तर मी दम दिला, की जरा गप बस, माझं काही सांडून राहिलं आहे. तो बिचारा गाडीखाली वाकून पाहायला लागला.

घरी पोहोचले की विहिरीवर मालक मोट हाकत गात असायचे. मी सांगितलं, "आजपासून तुमी गाऊ नका."

"मंग बैल कसे चालतीन?"

"माहं गाणं म्हणा. हे घ्या." आणि मी त्यांना साहेबाची चाल म्हणून दाखवली. भला माणूस, त्यांनी म्हटलीही. बैल धावेच्या, म्हणजे मोट ओढायच्या उताराच्या, मध्यावर उभे राहिले ते उभेच. मागं वळून मालकांच्या तोंडाकडं पाहायला लागले. भरलेली मोट तशीच अधांतरी लोंबकळत राहिली. मालक म्हणाले, "बैलाले वाटून राहिलं मी मेलो." मी धावेवर बसून पोट धरून हसले. पण मनातून मला हर्ष झाला. ज्या चालीनं बैल थांबले, त्या चालीनं बाई थांबणार नाही का?

शब्द बसवायला घाम फुटला. आमच्या ओवीचा मापाचा पाय, आणि ही चाल कुठंतरी लांब शेपूट सोडायची, शब्द संपले तरी ती संपायची नाही. मी जात्यावर बसून, फुलं खुडताना, माळा ओवताना नुसतं तेच करत होते. शेवटी बसलं. असं होतं ते:

*घास घ्या हो, विहीणबाई, ऊन ऊन घास घ्या,*
*लेक दिली तुमच्या दारी, तिला वाट राहू द्या,*
*येण्याजाण्याची, बाई, वाट राहू द्या.*

आणि शेपटाला नुसतं "माय माय" म्हणत चालीबरोबर परत त्याच जागी यायचं. मोठी कारागिरी नाही. पण माझं मागणं त्यात सगळं आलं होतं, एक दाणाही इकडंतिकडं न सांडता.

मालकांची थोरली बहीण लग्नाला आधीच येऊन बसली होती. तिनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "साहेबाचं गाणं मांडवात? बाटवतं का मांडव? देवक बसलं हाये घरात."

"चालीले काय जात असते, आक्का?"

"तुही तू जाण. पण वरमाय पंगतीतून उठली तर मी तुह्या बाजूनं बोलणार नाही."

वरमायेनं पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे सांगायला नको. लग्नाला गालबोट. मग मुलीच्या बापानं पगडी तिच्या पायावर ठेवायची, आणि तरी त्याचं उट्टं मुलीवर जन्मभर निघायचं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण अंगात असं काही वारं भरलं होतं, की कधी एकदा पंगत बसते आणि कधी मी तोंड उघडते, असं झालं होतं.

वऱ्हाड आलं. कसं आलं म्हणता, गाड्यांवर गाड्या, बैलांच्या गळ्यांत नव्या घागरमाळा, पुढं वाजंत्री. वरमाय उतरली. उंच, सुकलेल्या अंगाची बाई, पण गळ्यात पुतळ्यांची माळ आणि हातात जाड पाटल्या. तोंडावर हसू म्हणून नाही. पाय धुतले तर पाणी थंड आहे म्हणाली. बसायला पाट दिला तर डुगडुगतो म्हणाली. माझी लेक पाया पडली तर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. लेकीनं माझ्याकडं पाहिलं.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर वरमायेची पंगत बसली. रांगोळ्या घातल्या, उदबत्त्या लावल्या, पुरणाच्या पोळ्या, भज्यांची कढी, वडे. वरमायेनं पोळीवरचं तूप बोटानं पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "पातळ हाये." तरी तिनं पहिला घास मोडला. आमच्याकडच्या बाया माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. मी डोळे मिटले, बंगल्याची पायरी आठवली आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीला बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. अशी चाल त्यांनी ऐकलीच नव्हती. दुसऱ्या ओळीला वाढणाऱ्या थांबल्या. आणि मी शेपटाशी आले, "माय माय" म्हणत वर गेले आणि परत त्याच जागी यायला लागले, तेव्हा डोळे उघडले. वरमायेचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबला होता. तिनं तो खाली ठेवला. मग ती उठली. हातही न धुता पंगत ओलांडून मांडवाबाहेर चालती झाली.

आक्का म्हणाल्या, "झालं समाधान?" माझी लेक खांबाला टेकून उभी होती, तिच्या ओठांवरचा रंग उतरला होता. मालकांनी डोक्यावरची पगडी काढायला हात वर नेला. मी म्हटलं, "थांबा जरा." पाण्याचा तांब्या उचलला आणि त्या बाईमागं गेले. मी माझ्या हातांनी लेकीची वाट बंद केली, एवढं एकच डोक्यात होतं.

ती विहिरीपाशी होती. मोटेच्या धावेवर बसलेली, खरकटा हात तसाच मांडीवर. मला पाहून तिनं तोंड फिरवलं नाही. रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी.

"हे कोठून आणलं तुमी?" तिनं विचारलं.

"चुकलं असंन तर माफी करा, बाई."

"कोठून आणलं, ते सांगा."

मी सांगितलं. साहेब, पेटी, सगळं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मग म्हणाली, "मी मोर्शीची. लगन झाल्यावर पयल्या आखाजीले माहा बाप मले न्यायले आला होता. सासूनं दारातून परत लावला. थो गेला नाही. वेशीपाशी उभा राहून हाका मारत होता. मी आत कणीक मळून राहिली होती. आयकू येत होतं मले. कणकीतून हात काढला नाही मी. काढला असता तर सासूनं तोडला असता." तिनं खरकट्या हाताकडं पाहिलं. "थो पुन्हा आलाच नाही. गेला त्याच साली. तुमी आता जे म्हटलं ना, शेवटी, वर जाते अन् परत येते, ते तसंच हाये. तसाच हाक मारे थो."

मी तांब्या तिरपा केला आणि तिच्या हातावर पाणी घातलं. तिनं हात धुतला, पदरानं तोंड पुसलं आणि उठली. मांडवात परत गेली, आपल्या पानावर बसली. तिनं माझ्याकडं न पाहता म्हटलं, "म्हणा. पयल्यापासून." मी म्हटलं. ती खाली मान घालून सगळं पान जेवली, पातळ तुपासकट.

पण तोंडानं तिनं काही म्हटलं नाही. पाठवणीच्या वेळी लेक माझ्या गळ्यात पडली, तिला ओढून गाडीत बसवलं, तेव्हाही ती बाई गाडीत समोर पाहत बसली होती, दगडासारखी. मी माझं मागणं मागून बसले होते, ते मिळणार की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

पुढं बंगल्यावर गेले तेव्हा मेमसाहेबाला सगळी हकीगत सांगितली, खानसाम्याच्या तोंडून. ऐकता ऐकता तिचा चेहरा कसनुसा झाला. ती काहीबाही बोलली. खानसामा मान खाजवत म्हणाला, "मेमसाब बोलती है, ये शादी का गाना नहीं है." त्या नाटकात एक म्हातारा बाप असतो म्हणे. त्याचं लेकरू परमुलखात राहिलेलं असतं. बाप त्याच्यापुढं उभा राहून सांगतो, की चल घरी, आपलं गाव विसरलास का, घरी चल. खानसाम्याला मी तिथंच फैलावर घेतलं. शादी का, म्हणे. पातेलं घासताना माणूस काहीही बोलतो. मेमसाहेब हसायला लागली, मग तिचे डोळे भरले, आणि तिनं पेटीची दांडी ओढून चावी भरली. मी पायरीवर बसले आणि ती चाल पहिल्यांदा कळून ऐकली. शब्द नाहीत, माणूस नाही, नुसते लोखंडाचे दात, आणि त्या बाईला तिचा बाप ऐकू आला होता. पुढं लढाई संपली, कापसाचा भाव बसला, साहेबानं बंगल्याला कुलूप घातलं आणि पेटी त्यांच्याबरोबर गेली. मेमसाहेब आपल्या घरी पोचली असेल, अशी मी आशा धरते.

पण त्याच्या आधी, लग्नाच्या त्याच वर्षीची आखाजी आली. आम्ही आपल्या लिंबाला झोका बांधला. मालक म्हणाले, उगाच कशाला बांधतेस. मी म्हटलं, बांधा. लेकीला आणायला मी कोणाला पाठवलं नव्हतं. दारातून परत आलेला माणूस मला पाहायचा नव्हता. सकाळपासून मी कामं काढत होते, पितरांची घागर भरली, शेवया केल्या, आंबे पाण्यात टाकले, पण सगळे कान मूर्तिजापुराच्या रस्त्याकडं. प्रत्येक गाडीच्या घुंगरांना मी बाहेर यायची आणि आत जायची.

ऊन कलल्यावर एक गाडी फाटकाशी थांबली. शेंब्यांवरून मी ओळखली. माझी लेक उडी मारूनच उतरली, नव्या लुगड्यात पाय अडकला तरी थांबली नाही. मी तिला कवटाळणार, तर तिच्या मागून गाडीतून आणखी कोणी उतरत होतं. हातात गाठोडं. गळ्यात पुतळ्यांची माळ नाही, साधं लुगडं. ती बार्शीटाकळीची बाई.

"थोरलीले तिच्या भावासंगं धाडली," ती म्हणाली. "माह्या माहेरी आता कोणी राहिलं नाही. म्हटलं हिच्या माहेरी जाऊ."

मी आत धावले. भाकरतुकडा आणि पाणी घेऊन आले, माहेरी आलेल्या लेकीवरून दारात ओवाळून टाकतात तसा. लेक पुढं झाली. मी तिला हातानं जरा बाजूला सारलं आणि आधी तिच्या सासूवरून ओवाळला.